सहा आवाजांचा हिशेब

यामाहाच्या सीएस-८० या सिंथेसायझरच्या माथ्यावर एक झाकण असे. ते उचललं की आत मुख्य पॅनेलवरच्या सरकपट्ट्यांची चिमुकली नक्कल दिसे, एक नव्हे तर चार. नखाने ढकलाव्या लागतील इतक्या बारीक पट्ट्या. एखादा टोन मनासारखा जमला की वादकाने तो या बारीक पट्ट्यांवर हाताने मांडून ठेवायचा आणि कार्यक्रमात बटण दाबून परत मिळवायचा. मेमरी ती एवढीच. १९७७च्या सुमारास हे वाद्य अमेरिकेत ६,९०० डॉलरला मिळत होतं, वजन शंभर किलोच्या घरात होतं, आणि चार टोन लक्षात ठेवणं ही तेव्हा चैन होती. 'ब्लेड रनर'च्या संगीतात व्हँजेलिसने हेच वाद्य वापरलं. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना पैसा कुठे गेला ते सांगावं लागत नाही. पण ते घरी नेऊ शकणारे वादक किती?

एवढा पैसा लागण्याचं कारण अगदी साधं, गुणाकाराचं आहे. १९७०चा मिनीमूग साधारण दीड हजार डॉलरला मिळे, पण तो एका वेळी एकच स्वर काढी. ऑसिलेटर कच्ची लहर तयार करतो, फिल्टर ती तासतो, आणि स्वर कसा उमटावा, किती टिकावा, कसा विझावा हे एन्व्हलप ठरवतं. या तिघांची साखळी म्हणजे एक 'आवाज'. सा-ग-प एकदम वाजवायचं तर अशा तीन साखळ्या हव्यात. सीएस-८०मध्ये एका वेळी आठ स्वर वाजत, आणि प्रत्येक स्वरामागे दोन-दोन साखळ्या होत्या. म्हणजे सोळा. पेटी, कीबोर्डच्या पट्ट्या, वीजपुरवठा यांचा खर्च एकदाच होतो, पण साखळीतल्या प्रत्येक भागाचा खर्च सोळा पटींनी वाढतो. भाग सोळापट, झारकाम सोळापट, आणि कारखान्यात बसून सूर जुळवणाऱ्या माणसाचे तासही सोळापट.

१९७५ ते १९८५ या दहा वर्षांत पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक स्वर काढणारे, सिंथेसायझर बनवणारे सगळे याच गुणाकाराशी झगडत होते. प्रत्येक आवाजाला स्वतःचं काय द्यायचं आणि काय सगळ्यांत मिळून एकच ठेवायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न. टोनची विविधता आणि किंमत यांचा सौदा तिथेच ठरत होता.

एक आडवाट होती इलेक्ट्रिक ऑर्गनची. वरच्या सप्तकाचे बारा स्वर तयार करायचे आणि त्यांची कंप्रता निम्मी-निम्मी करत खालची सप्तकं मिळवायची. सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या तरी सगळ्या वाजतात. मूग कंपनीने १९७५मध्ये पॉलीमूगमध्ये हाच मार्ग धरला आणि वर प्रत्येक पट्टीला स्वतंत्र चिप दिली. पट्ट्या एकाहत्तर! स्वस्त तंत्र घेऊन महाग वाद्य करण्याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

खरी वाट कॅलिफोर्नियातून निघाली. ई-म्यू कंपनीच्या डेव्ह रॉसम आणि स्कॉट वेज यांनी असा कीबोर्ड बनवला की त्यातलं सर्किट सेकंदाला कितीतरी वेळा सगळ्या पट्ट्या तपासतं आणि जी दाबलेली दिसेल तिला मोकळा असलेला एक आवाज नेमून देतं. माणसाला बोटं दहाच. एकाहत्तर साखळ्या कशाला, चार-पाच-आठ पुरतात. टॉम ओबरहाइमने हा कीबोर्ड घेतला आणि आपले चार एकस्वरी डबे एका पेटीत बसवून १९७५मध्ये फोर व्हॉइस काढला. आवाज भरघोस, पण प्रत्येक डब्याची बटणं वेगळी. एक टोन लावायचा म्हणजे तीच हालचाल चार वेळा करायची, आणि चारही डबे थोडे-थोडे निराळे लागले तर त्यालाच वाद्याचा स्वभाव म्हणायचं.

सॅन होजेच्या डेव्ह स्मिथकडे वेगळी विद्या होती. तो मुळात संगणकाचा माणूस. त्याची सीक्वेन्शियल सर्किट्स ही छोटी कंपनी मिनीमूगसारख्या वाद्यांना जोडायचे प्रोग्रामर आणि सीक्वेन्सर विकत असे. रॉसमने रॉन डाऊबरोबर आरेखलेल्या एसएसएम चिप तोवर बाजारात आल्या होत्या. अख्खा ऑसिलेटर एका चिपमध्ये, अख्खा फिल्टर दुसरीत. मायक्रोप्रोसेसरही स्वस्त होत होते. हे दोन्ही एकत्र केलं की काय होईल हे स्मिथला दिसत होतं. त्याची खात्री होती की मूग किंवा एआरपीसारखी मोठी कंपनी हे करणारच. कुणी केलं नाही, मग त्याने केलं. जानेवारी १९७८मध्ये अ‍ॅनाहाइमच्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-५ लोकांपुढे आला. किंमत चार हजार डॉलरला पाच कमी, आवाज पाच, मेमरी चाळीस टोनांची.

चाळीस! आणि हे सगळं झाकणाखालच्या बारीक पट्ट्यांशिवाय. पॅनेलवरचं प्रत्येक बटण आता प्रत्यक्ष सर्किटला जोडलेलं नव्हतं. झेड-८० प्रोसेसर बटणांची स्थिती वाचून आकड्यांत साठवत होता. आकड्यांतून पुन्हा विद्युतदाब तयार करणारा महागडा भाग पेटीत एकच होता. तो फिल्टरला हवा तेवढा दाब काढून एका कपॅसिटरमध्ये ठेवी, मग एन्व्हलपसाठी दुसऱ्यात, मग पुढच्या भागासाठी तिसऱ्यात, आणि कपॅसिटर रिते होण्याआधी पुन्हा पहिल्यापाशी हजर होई. म्हणजे सर्वांत खर्चिक भाग सगळ्यांत वाटला गेला आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. ज्या ठिकाणी वाटणी कानाला कळली असती तिथे स्मिथने हात आखडला नाही. प्रत्येक आवाजाला दोन ऑसिलेटर, स्वतःचा फिल्टर, दोन एन्व्हलप. मात्र स्वरात कंप आणणारा मंद ऑसिलेटर, ज्याला एलएफओ म्हणतात, तो पाचही आवाजांत मिळून एकच. ही कपात बहुतेकांना कधी जाणवलीच नाही.

आवाज पाच का, याचं उत्तर कमी उदात्त आहे. मूळ बेत दहा आवाजांचा होता, पण एवढी सर्किटं एका पेटीत कोंबली की ती भयंकर तापत. ऑसिलेटर तापला की सूर सोडतो. अर्ध्या साखळ्या काढून टाकल्यावर वाद्य सुरात राहू लागलं. तेही प्रामाणिकपणे राहायचं असं नाही. पॅनेलवर 'ट्यून' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की प्रोसेसर एकेका ऑसिलेटरचा सूर मोजून दुरुस्त करी, आणि कार्यक्रमाच्या मध्येच ते दाबायची वेळ अनेकांवर येई. १९८०मध्ये कंपनीने एसएसएम सोडून डग कर्टिसच्या चिप घेतल्या, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

चार हजार डॉलर म्हणजे तेव्हाही गाडीची किंमत. यशस्वी बँडला परवडणारी, हौशी पोराला नाही. ओबरहाइमने १९७९मध्ये ओबी-एक्स काढून उत्तर दिलं. जपानी रोलँडने १९८१मध्ये ज्युपिटर-८ काढला, आठ आवाज, प्रत्येकाला दोन ऑसिलेटर, कीबोर्ड मधोमध विभागून दोन निराळे टोन वाजवायची सोय, आणि किंमत ५,२९५ डॉलर. यात काटकसरीचा प्रयत्न कुठेही दिसत नाही, आणि म्हणूनच ते वाद्य देखणं आहे.

असा एक ज्युपिटर-८ मुंबईत होता. चित्रपट संगीतात वर्षानुवर्षं वादक म्हणून काम केलेल्या चरणजीत सिंग यांनी १९८२मध्ये एचएमव्हीसाठी दहा रागांची तबकडी केली. ताल टीआर-८०८ या यंत्राचा, खर्ज टीबी-३०३चा आणि राग ज्युपिटर-८वर. तबकडी विकली गेली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातल्या लोकांना शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस संगीताची चाहूल त्यात ऐकू आली आणि सिंग उतारवयात परदेशी मंचांवर पोचले. मला त्यातली निराळीच गंमत वाटते. आठ आवाजांच्या एवढ्या महाग वाद्यावर राग मात्र एकच स्वर ओढत, घसरवत पुढे जातो. रागाला कॉर्डची गरज नाही, त्याला मींड हवी. आकाशवाणीने बाजाच्या पेटीला कित्येक वर्षं दार बंद ठेवलं, त्यामागेही तिच्यावर मींड निघत नाही हाच आक्षेप होता. ज्युपिटरमध्ये स्वरावरून स्वरावर घसरत नेणारी पोर्टामेंटोची सोय होती आणि सिंग यांचं काम त्यावर चाललं. आठपैकी सात आवाजांवर झालेला खर्च त्यांच्या उपयोगाचा नव्हता, पण वाद्य तुकड्यांत विकत मिळत नाही.

स्वस्ताईची पहिली गंभीर चढाई कॉर्गने केली. १९८१च्या पॉलीसिक्समध्ये सहा आवाज आणि बत्तीस टोनांची मेमरी, आणि किंमत दोन हजार डॉलरच्या आत, म्हणजे प्रॉफेटच्या निम्म्याहून कमी. कात्री कुठे लावली ते स्वच्छ दिसतं. प्रत्येक आवाजाला दोनऐवजी एकच ऑसिलेटर, दोनऐवजी एकच एन्व्हलप. दोन ऑसिलेटर किंचित बेसूर करून येणारा जाडपणा गेला. तो भरून काढायला वाद्याच्या शेवटी कोरस, फेज आणि एन्सेम्बल हे परिणाम बसवले. सहा आवाज एकत्र झाल्यावर त्यांच्यावर एकदाच प्रक्रिया करायची, म्हणजे गुणाकार नाही. फिल्टर मात्र सहाच्या सहा, तेही उत्तम एसएसएमचे.

रोलँडचं उत्तर काही महिन्यांतच आलं. १९८२चा ज्युनो-६, सहा आवाज, १,२९५ डॉलर. या वाद्याइतका शहाणा हिशेब त्या काळात दुसऱ्या कुणी केला नाही असं माझं मत आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

ऑसिलेटर महाग पडे तो सुट्या भागांमुळे तितका नाही, जितका त्याच्या लहरीपणामुळे. विद्युतदाबाचा सूर करणारं सर्किट तापमानाला भुलतं. ते सावरायला जुळे ट्रान्झिस्टर हवेत, खास रोधक हवेत, आणि कारखान्यात प्रत्येक ऑसिलेटर स्क्रू फिरवून जुळवणारा माणूस हवा. ज्युनोमध्ये सहाही ऑसिलेटरांना एकाच घड्याळाचे टोले मिळत. एक मोजणी करणारी चिप ठरावीक टोले मोजी आणि मग कपॅसिटर रिकामा करून टाकी. तो पुन्हा भरू लागे, पुन्हा रिता होई, आणि त्यातून करवतीच्या दातांसारखी लहर निघे. लहर अ‍ॅनालॉगच, फक्त तिची वेळ डिजिटल मोजणीने पक्की केलेली. यात एक अडचण होती. वरच्या स्वरात कपॅसिटरला भरायला वेळ कमी मिळतो, त्यामुळे लहर बुटकी राहते. मग प्रोसेसर स्वराप्रमाणे भरण्याचा वेगही वाढवी. सूर सोडणं हा प्रकारच संपला, जुळवणाऱ्या माणसाचे तास वाचले.

आणि इथेच नवा प्रश्न उभा राहिला. सहाही आवाज एकाच घड्याळावर चालत, त्यामुळे ते इतके तंतोतंत सुरात असत की निर्जीव वाटत. महाग वाद्यातला जिवंतपणा त्याच्या दोषांतून येत होता आणि रोलँडने दोषच काढून टाकला होता. त्यांनी शेवटी कोरस बसवला. दोन बटणं, एक सौम्य आणि दुसरा जोरकस, आणि दोन्ही एकदम दाबली तर तिसराच, थरथरता. ध्वनी किंचित उशिरा आणि किंचित हलत्या सुरात डाव्या-उजव्या बाजूंना फेकणारं हे सर्किट. त्यातून हलकी खरखर येते, हेडफोन लावला की स्पष्ट ऐकू येते. पण ते बटण दाबलं की साधासुधा एक ऑसिलेटर रुंद, रेशमी होऊन पसरतो. ज्युनोचा म्हणून जो आवाज लोक ओळखतात तो बराचसा या एका स्वस्त सर्किटाचा आहे.

बाकीची कपातही कान शाबूत ठेवून केलेली होती. एन्व्हलप एकच, पण ध्वनीची पातळी त्याच्यावर चालवायची की नुसतं पट्टी दाबली-सोडली एवढ्यावर, हे ठरवायला एक खटका. त्या एका खटक्याने दुसऱ्या एन्व्हलपची निम्मी उणीव भरून निघते. एलएफओ एक, जाड-बारीक करणारा हायपास फिल्टर एक, तोही सगळ्यांत मिळून. ऑसिलेटर एकच असला तरी त्यातून करवतीची लहर, चौकोनी लहर आणि एक सप्तक खालचा सब-ऑसिलेटर हे सगळं एकदम काढता येई. मोजणीच करायची तर एक सप्तक खाली मोजायला खर्च जवळपास शून्य.

ज्युनो-६ला मेमरी नव्हती. पॅनेलवर जे दिसतं तेच ऐकू येतं. त्याच वर्षी आलेल्या ज्युनो-६०मध्ये छप्पन टोनांची मेमरी घातली आणि किंमत १,७९५ डॉलर केली. स्मरणशक्तीची किंमत एवढी उघडपणे लावलेली क्वचितच दिसते, छप्पन टोनांना पाचशे डॉलर. आणखीही एक गोष्ट कापली होती, जी चरणजीत सिंगांना नक्की खटकली असती. या दोन्ही ज्युनोंमध्ये पोर्टामेंटो नाही. मींड हवी असेल तर सूर वाकवणारा दांडा हाताने ढकलायचा. १९८४च्या ज्युनो-१०६मध्ये पोर्टामेंटो आला, एकशे अठ्ठावीस टोनांची मेमरी आली, किंमत १,०९५ डॉलरवर उतरली, पण धरलेल्या कॉर्डचे स्वर आपोआप एकेक करून वाजवणारा, आधीच्या दोघांवरचा अर्पेजिएटर गेला.

कपात किती करावी याची हद्द कॉर्गने १९८३मध्ये पॉली-८००ने दाखवून दिली. ७९५ डॉलर, आठ आवाज, चौसष्ट टोन, गळ्यात अडकवायला पट्ट्याच्या खुंट्या, आणि बॅटरीवर चालणारा. प्रोग्रॅम करता येणारा पॉलिफोनिक सिंथेसायझर हजार डॉलरच्या आत पहिल्यांदाच मिळत होता. पण आठ आवाजांना मिळून फिल्टर एकच होता, चाळीतल्या आठ बिऱ्हाडांना मिळून एक नळ असावा तसा. एक कॉर्ड धरून ठेवा, फिल्टर हळूहळू मिटू द्या, आणि वर एक नवा स्वर वाजवा. फिल्टर नव्या स्वरासाठी पुन्हा उघडतो आणि विझत आलेली जुनी कॉर्ड अचानक जागी होते. नाही उघडू दिला, तर नवा स्वर मिटलेल्या फिल्टरमागे गुदमरतो. यातलं काय चालेल हे निवडायला एक सोय दिली होती. ही निवड वादकाला करावी लागली इथेच मला वाटतं कात्री जास्त चालली. ज्युनोतली वाटणी कानाला कळत नाही, पॉली-८००मधली तिसऱ्या मिनिटाला कळते. तरी ते विकलं गेलं, आणि ज्यांच्या हातात एरवी काहीच पडलं नसतं अशा पोरांच्या हातात पडलं, हेही खरं.

कात्री पॅनेलवरही चालली होती. प्रत्येक गुणधर्माला वेगळं बटण देण्याऐवजी पॉली-८००मध्ये गुणधर्माचा नंबर टाकायचा आणि वर-खाली बटणांनी आकडा बदलायचा. सुट्या भागांत बटणं आणि त्यांचं वायरिंग हा मोठा खर्च असतो, त्यामुळे कारखान्याचा फायदा स्पष्ट होता. वाजवता वाजवता टोन घडवण्याची सवय मात्र एका पिढीची सुटली.

याच सुमारास वाद्याबाहेरूनही एक उपाय आला. जानेवारी १९८३च्या नॅम प्रदर्शनात डेव्ह स्मिथचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका पाच पिनांच्या केबलने जोडले गेले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर उमटलं. मिडी हे ते तंत्र. स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी प्रतिस्पर्धी असूनही त्याचा पाठपुरावा केला होता. आता एकाच पेटीत सगळं कोंबायची सक्ती उरली नाही. दोन स्वस्त वाद्यं जोडून मधल्या किमतीत जाड आवाज करता येऊ लागला.

मग गुणाकारच मोडीत निघाला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगने १९६७मध्ये शोधलेलं, एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवणारं एफएम तंत्र यामाहाने परवान्यावर घेतलं होतं. १९८३च्या डीएक्स-७मध्ये सोळा आवाज होते, प्रत्येकात लहर काढणारे सहा ऑपरेटर, म्हणजे एकूण शहाण्णव लहरी. त्यांच्यासाठी शहाण्णव सर्किटं नव्हती. यामाहाने स्वतः घडवलेल्या दोन चिप एकापाठोपाठ एक शहाण्णव गणितं करत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. अ‍ॅनालॉग वाद्यात भाग वाटून घ्यावा लागे, इथे वेळ वाटून घेतला. आठचे सोळा आवाज करायला झारकाम दुप्पट होत नाही, चिप वेगवान लागते इतकंच. किंमत १,९९५ डॉलर, खप दोन लाखांच्या आसपास. मोबदल्यात सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा आणि एकच सरकपट्टी मिळाली, तिच्यावर सहा ऑपरेटरांचे आकडे बदलत बसायचं. फार थोड्यांनी ते केलं. त्या दशकातल्या गाण्यांत डीएक्स-७चा कारखान्यात भरलेला इलेक्ट्रिक पियानो इतका ऐकू येतो त्याचं कारण तेच. विविधता होती, तिच्यापर्यंतचा जिना नव्हता.

सगळ्याच कंपन्या टिकल्या नाहीत. एआरपी १९८१मध्येच बंद पडली होती. १९८७मध्ये सीक्वेन्शियलचीही तीच गत झाली आणि तिचं जे उरलं ते यामाहाने घेतलं.

कारखान्यात वाचवलेल्या पैशांचा काही भाग पुढे दुरुस्ती करणाऱ्यांकडे थकबाकी म्हणून आला. पॉलीसिक्समधली मेमरी राखणारी निकेल-कॅडमियम बॅटरी काही वर्षांनी गळते आणि खालच्या बोर्डाचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. ज्युनो-१०६मध्ये प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि ध्वनीपातळीचं सर्किट एका राळेने मढवलेल्या मॉड्यूलमध्ये होतं. जोडणीला स्वस्त आणि आटोपशीर. काळ गेला तसे ते मॉड्यूल एकेक करून बंद पडू लागले, आवाज चरचरत येई किंवा येतच नसे. मग कारागीर सहाही मॉड्यूल उपसून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतात, वरचं मढवण मऊ झालं की काडीने खरवडतात, आणि पुष्कळदा आतलं सर्किट ठणठणीत निघतं. एवढं करूनही १०६ आज नव्या असतानाच्या किमतीहून महाग विकला जातो.

२०१६मध्ये कॉर्गने मिनीलॉग काढला, चार अ‍ॅनालॉग आवाज, प्रत्येकाला दोन ऑसिलेटर आणि स्वतःचा फिल्टर, पाचशे डॉलरला. या खेपेला कात्री पट्ट्यांवर चालली होती, सदतीसच पट्ट्या, त्याही अरुंद. डेव्ह स्मिथला कंपनीचं जुनं नाव यामाहाने २०१५मध्ये परत दिलं, त्यासाठी काकेहाशींनी रदबदली केली होती. २०२०मध्ये त्याने प्रॉफेट-५ पुन्हा बाजारात आणला, ३,४९९ डॉलरला, म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षाही कमी. सोबत, अगदी त्याच आकाराच्या पेटीत, न तापणारा प्रॉफेट-१० होता. जादा पाच आवाजांचे त्याने आठशे डॉलर लावले.